न घडलेलं अपहरण

टीईटीच्या गाइडमधला पियाजे खूप जणांना पाठ असतो. त्याच्या स्वतःच्या लहानपणाची ही गोष्ट मात्र गाइडमध्ये नसते.

पॅरिसमधला शाँझेलिझे हा प्रसिद्ध रस्ता. एक आया बाबागाडी ढकलत चाललीये. गाडीत दीड-दोन वर्षांचा मुलगा पट्ट्याने बांधून बसवलाय. अचानक एक माणूस पुढे येतो आणि मुलाला उचलायला बघतो. पट्टा घट्ट असतो, त्यामुळे मुलगा गाडीतून निघत नाही. आया जिवावर उदार होऊन मध्ये पडते. झटापटीत तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उमटतात. गर्दी जमते. आखूड केप घातलेला, हातात पांढरा दंडुका घेतलेला पोलीस येतो आणि तो माणूस पळ काढतो.

मुलगा वाचला. आई-वडिलांनी आयाला बक्षीस म्हणून घड्याळ दिलं. आणि त्या मुलाच्या डोक्यात हा सीन कायमचा बसला. आयाच्या चेहऱ्यावरचे ओरखडे त्याला दिसायचे. तो पोलीस दिसायचा. हे सगळं मेट्रो स्टेशनच्या जवळ घडलं, हेसुद्धा त्याला आठवायचं. आयुष्यातली पहिली आठवण कोणती, असं कुणी विचारलं असतं तर त्याने हीच सांगितली असती.

फक्त एकच प्रॉब्लेम होता. असं काही घडलंच नव्हतं.

या मुलाचं नाव जाँ पियाजे. डी.एड., बी.एड. करणाऱ्यांना, सायकॉलॉजीवाल्यांना आणि टीईटी देणाऱ्या प्रत्येकाला हे नाव तोंडपाठ असतं. आपल्या गाइडमध्ये बऱ्याचदा ते 'जीन पियाजे' असं छापलेलं असतं. संवेदन-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक आणि औपचारिक क्रियात्मक, या चार अवस्था सांगणारा तोच तो. मूल विचार कसं करतं, हे शोधण्यात ज्याने सगळी हयात घालवली, त्याची स्वतःची पहिली आठवण बनावट निघाली. मला त्याच्या चार अवस्थांपेक्षा ही गोष्ट जास्त लक्षात राहिली.

चिमणी आणि गोगलगायी

पियाजेचा जन्म ९ ऑगस्ट १८९६चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील आर्थर पियाजे हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक. जुनी कागदपत्रं तपासायची, खरं काय नि खोटं काय ते निवडायचं, हे त्यांचं काम. न्यूशातेलच्या लोकांना जिचा अभिमान होता अशी एक जुनी बखर बनावट आहे, हे त्यांनीच दाखवून दिलं होतं. आपल्याकडे एखाद्या लाडक्या बखरीबद्दल असं कुणी म्हटलं तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणजे माणूस धीराचा होता. पण गंमत बघा, शेकडो वर्षांपूर्वीचा म्हणून मिरवणारा खोटा कागद ओळखणाऱ्या या माणसाने घरातल्या आयाची गोष्ट मात्र जशीच्या तशी खरी मानली. आणि का नाही मानणार? समोर पोरगा सुखरूप होता आणि तिच्या चेहऱ्यावर ओरखडे होते.

छोटा जाँ वडिलांसारखाच चिकट निघाला. बागेत त्याला एक अर्धवट पांढरी चिमणी दिसली. त्याने तिच्यावर एक पानभर टिपण लिहिलं आणि निसर्गाविषयीच्या मासिकाकडे पाठवून दिलं. १९०७ साली ते छापून आलं. तेव्हा तो अकरा वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता. या टिपणाच्या जोरावर त्याला गावातल्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये शिरकाव मिळाला. तिथले संचालक पॉल गोदे यांच्या हाताखाली तो शाळा सुटल्यावर गोगलगायी आणि शिंपल्यांना लेबलं लावत बसायचा. पुढे त्याने मृदुकाय प्राण्यांवर इतके लेख लिहिले की जिनिव्हाच्या म्युझियमने त्याला अशा प्राण्यांचा संग्रह सांभाळण्याच्या नोकरीबद्दल विचारलं. तो अजून शाळेतच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं!

तो साधारण पंधरा वर्षांचा असताना घरी एक पत्र आलं. पत्र त्याच जुन्या आयाचं होतं. ती साल्व्हेशन आर्मीत गेली होती, आपल्याकडे जिला मुक्तिफौज म्हणतात तीच ही संस्था. तिथे गेल्यावर तिला जुन्या चुका कबूल करून मोकळं व्हायचं होतं. तिने लिहिलं होतं की अपहरणाची सगळी गोष्ट तिने रचली होती. ओरखडेही खोटे होते. बक्षीस मिळालेलं घड्याळ ती परत करत होती.

जरा विचार करा. तुम्ही पंधरा वर्षांचे आहात. एक प्रसंग तुम्हाला डोळ्यांसमोर दिसतो. आणि एक पत्र येऊन सांगतं की तो कधी झालाच नाही. आता डोक्यातल्या त्या चित्राचं काय करायचं? ते पुसलं जात नाही. पियाजे पन्नाशीच्या जवळ आले तरी ते त्यांच्या डोळ्यांसमोर तसंच होतं. १९४५ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी हा सगळा प्रकार स्वतः लिहून ठेवला. इंग्रजीत ते पुस्तक 'प्ले, ड्रीम्स अँड इमिटेशन इन चाइल्डहूड' या नावाने मिळतं. त्यांनी काढलेला निष्कर्ष साधा होता. लहानपणी घरात ही गोष्ट त्यांनी ऐकली असणार. आई-वडिलांचा तिच्यावर विश्वास होता. ऐकलेल्या गोष्टीचं डोक्यात चित्र झालं आणि ते चित्र मागे नेऊन आठवणींच्या जागी बसवलं गेलं.

आता मेट्रो स्टेशनचा तपशील घ्या. प्रसंग घडला असता तर तो १८९७-९८च्या सुमाराला घडला असता. पॅरिसची मेट्रो सुरू झाली जुलै १९०० मध्ये. म्हणजे ज्या स्टेशनजवळ अपहरणाचा प्रयत्न झाल्याचं आठवत होतं, ते स्टेशन तेव्हा चालूच झालं नव्हतं. नंतर कधीतरी पाहिलेलं पॅरिस या आठवणीत येऊन मिसळलं असणार. आपल्याला वाटतं की बारीक तपशील आठवतोय म्हणजे आठवण पक्की. इथे तर तो बारीक तपशीलच चुगली करतोय.

चुकीच्या उत्तरांच्या प्रेमात

१९१८ मध्ये पियाजेंना डॉक्टरेट मिळाली, तीही मृदुकाय प्राण्यांवरच्या अभ्यासासाठी. सायकॉलॉजीत ते आले ते नंतर. १९१९ साली ते पॅरिसला गेले. बुद्धिमापन चाचणीचे जनक आल्फ्रेड बिने तोवर वारले होते. त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी पियाजेंना एक कंटाळवाणं काम दिलं. इंग्रजी चाचणीतले प्रश्न फ्रेंच मुलांना विचारायचे आणि बरोबर उत्तरं मोजायची.

बरोबर उत्तरांत पियाजेंना काही रस वाटेना. त्यांना चुकीची उत्तरं आवडायला लागली. कारण एका वयाची मुलं साधारण एकाच पद्धतीने चुकत होती. म्हणजे ती तुक्का मारत नव्हती, तर त्यांचं काहीतरी लॉजिक होतं, फक्त ते मोठ्यांचं लॉजिक नव्हतं. मग ते मुलांशी गप्पा मारायला लागले. का वाटतं असं? आणि असं केलं तर काय होईल? पुढची साठ वर्षं त्यांनी हेच केलं.

१९२१ मध्ये एदुआर क्लापारेद यांनी त्यांना जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं. हे क्लापारेदही भारी प्रकरण होतं. विद्यापीठाच्या इमारतीत एक खिडकी होती आणि विद्यार्थी रोज तिच्यासमोरून ये-जा करायचे. काही वर्षांपूर्वी क्लापारेद यांनी एकदा विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अशी खिडकी तिथे आहे का. बहुतेकांनी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. तुमच्या कॉलेजच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत, हे आत्ता आठवून बघा. मग उद्या मोजा.

१९२३ मध्ये पियाजेंनी व्हॅलेंटिन शातने यांच्याशी लग्न केलं. त्यांना तीन मुलं झाली, जॅकलिन, लुसिएन आणि लोराँ. जगाच्या इतिहासात इतक्या बारकाईने नोंदी झालेली मुलं थोडीच असतील. खेळणं उशीखाली लपवलं तर बाळ ते शोधतं का? नजरेआड झालेली वस्तू अजून आहे, हे त्याला कधी कळतं? नवरा-बायको बसून तारीखवार लिहून ठेवायचे. आई-वडिलांनी लहानपणाबद्दल सांगितलेलं काय करू शकतं, याचा अनुभव या माणसाने घेतला होता. आपल्या मुलांच्या बाबतीत त्याने घडल्या दिवशीच कागदावर उतरवलं. हे दोन्ही एकमेकांशी जोडण्याचा मोह मला आवरत नाही, पण तशी कारणमीमांसा पियाजेंनी केलेली नाही, तेव्हा हा माझा विचार समजा.

या नोंदींतून आणि शेकडो मुलांशी केलेल्या बोलण्यातून त्यांची मुख्य कल्पना उभी राहिली. मूल म्हणजे रिकामं भांडं नाही. बाहेरचं ज्ञान त्यात ओतलं जात नाही. मूल स्वतः ज्ञान रचतं. दोन सारख्या ग्लासात सारखं पाणी दाखवा. मग एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता. चार-पाच वर्षांचं मूल सांगतं की उंच ग्लासात जास्त पाणी आहे. सात-आठ वर्षांचं मूल हसतं आणि म्हणतं सारखंच आहे. मधल्या काळात पाणी बदललेलं नसतं, मुलाच्या विचाराची घडण बदललेली असते. पियाजेंनी सांगितलेल्या वयांवर पुढे बरीच टीका झाली. बाळांना त्यांनी मानलं त्यापेक्षा खूप आधी बरंच कळतं, असं नंतरच्या संशोधनात दिसलं. पण ज्ञान रचलं जातं, हा मुद्दा टिकला.

काठ्यांचा प्रयोग

सत्तरी गाठता गाठता पियाजे पुन्हा आठवणीकडे वळले. सहकारी बार्बेल इनहेल्डर यांच्यासोबत त्यांनी स्मृती आणि बुद्धी यांच्या नात्यावर पुस्तक लिहिलं. ते आलं १९६८ मध्ये. त्यातला एक प्रयोग फारच इंटरेस्टिंग आहे.

मुलांना लहान ते मोठी अशा क्रमाने लावलेल्या दहा काठ्या दाखवल्या. नीट बघा आणि लक्षात ठेवा, एवढंच सांगितलं. आठवड्याने विचारलं, काय पाहिलं होतं? काढून दाखवा. अगदी लहान मुलांनी सारख्या उंचीच्या रेघा ओढल्या. त्याहून थोड्या मोठ्यांनी काही लहान, काही मोठ्या अशा काढल्या. सात वर्षांच्या आसपासच्या मुलांनी नीट चढत्या क्रमाने काढल्या. डोळ्यांसमोर सगळ्यांच्या एकच गोष्ट होती, पण प्रत्येकाला आपापल्या समजेइतकंच आठवलं.

खरी गंमत पुढे आहे. सहा-आठ महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा बोलावलं. काठ्या परत दाखवल्या नाहीत. फक्त आठवून काढायला सांगितलं. कॉमन सेन्स सांगतो की आठवण आता पुसट झाली असणार. पण पुष्कळ मुलांची चित्रं आधीपेक्षा सुधारली होती! मधल्या महिन्यांत मुलांना क्रम ही गोष्ट जास्त कळू लागली होती. त्या नव्या समजुतीने त्यांनी जुनी आठवण दुरुस्त करून घेतली होती. पुढच्या संशोधकांना हा परिणाम दर वेळी तितकाच ठळक दिसला नाही, हे खरं. तरी प्रयोगाने दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे.

आपण आठवणीला मोबाइलमधला व्हिडिओ समजतो. शूट झाला, सेव्ह झाला, हवा तेव्हा प्ले केला. पण डोक्यात फाइल नसते. दर वेळी आठवताना आपण तो प्रसंग नव्याने उभा करतो. थोडा खरा अनुभव, थोडं इतरांकडून ऐकलेलं, थोडे नंतर पाहिलेले फोटो आणि उरलेल्या फटी आजच्या समजुतीने भरलेल्या. काठ्यांच्या बाबतीत हे काम मुलांच्या फायद्याचं ठरलं. बाबागाडीच्या बाबतीत त्याच कामाने पियाजेंना गंडवलं. कारागीर एकच, माल मात्र वेगळा.

खोटं एकटीचं, आठवण सगळ्यांची

या गोष्टीत खोटं बोललं कोण? फक्त आया. आई-वडील खोटं बोलले नाहीत, त्यांनी विश्वास ठेवला. जाँ तर मुळीच खोटं बोलला नाही. त्याला जे दिसत होतं, तेच तो सांगत होता. त्याला खोटं पकडायच्या मशीनवर बसवलं असतं तरी काय सापडणार होतं? म्हणून हा प्रकार जास्त अवघड आहे. खोटारडा माणूस ओळखता येईल एक वेळ, पण प्रामाणिकपणे चुकणारा कसा ओळखणार?

हे फक्त लहानपणीच्या गमतीजमतींपुरतं नाही. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे जे निर्दोष कैदी सुटले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना साक्षीदाराने चुकून ओळखल्यामुळे शिक्षा झाली होती. कोर्टात उभे राहिलेले ते सगळे साक्षीदार काही खोटं बोलत नव्हते. त्यांना खात्री होती.

पियाजे गेल्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९५ मध्ये, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून मिळवलेल्या. चौथी रचलेली, पाच वर्षांचे असताना तुम्ही मॉलमध्ये हरवला होता. जवळपास पाव लोकांना ती न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा थोडीफार आठवली. घरच्यांनी सांगितलंय ना, मग घडलंच असणार. पियाजेंच्या घरी जे आपोआप झालं, ते इथे मुद्दाम करून पाहिलं गेलं.

हे वाचलं आणि मला माझी जत्रा आठवली. चार वर्षांची असताना मी गावच्या जत्रेत हरवले होते. पिपाण्या विकणारा एक म्हातारा, त्याचा लाल फेटा, पाळण्याचा करकर आवाज, सगळं मला आठवतं. कॉलेजमध्ये एका असाइनमेंटसाठी मी त्यावर निबंधही लिहिलाय. गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा मी हा किस्सा सुरू केला आणि आत्या हसायलाच लागली. हरवला होता तो माझा चुलतभाऊ. मी तिच्याच कडेवर होते आणि पूर्ण वेळ झोपले होते. आईनेही मान डोलावली. मी वाद घातला, अगदी चिडून. लाल फेटा मला आजही दिसतो. तो कुठून आला, देव जाणे.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतलीये. बातमीसाठी कुणाशी बोलले की त्याच दिवशी, ऑफिसला पोचायच्या आधी, सगळं वहीत उतरवायचं. दोन दिवसांनी लिहू म्हटलं की मन आपलं काम सुरू करतं. आणि मैत्रिणीशी भांडताना तू असंच म्हणाली होतीस, मला पक्कं आठवतंय, हे वाक्य ओठावर आलं की जरा थांबते. पक्कं आठवणं आणि खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा अर्थ कुठलीच आठवण खरी नाही, असा मात्र काढू नका. कुणी आपल्यावरच्या अन्यायाबद्दल सांगतंय आणि आपण आठवणी खोट्याच असतात म्हणून हात झटकले, तर तो शुद्ध दुष्टपणा ठरेल. बहुतेक आठवणींचा गाभा बराचसा ठीक असतो. मुद्दा एवढाच की आठवण किती स्पष्ट आहे यावरून ती खरी ठरत नाही. बाहेरचा काहीतरी धागा लागतो. एखादं पत्र, एखादी तारीख, दुसऱ्या कुणाची वही, कडेवर घेऊन उभी असलेली आत्या.

१६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हात पियाजे वारले. वय ८४. सायकल, पाइप आणि डोक्यावर तिरकी बेरे टोपी, ही त्यांची ओळख बनली होती. त्यांची पुस्तकं आज जगभरच्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमात आहेत. चार अवस्थांवरचा प्रश्न पुढच्या टीईटीलाही येईल.

पण त्या आयाला मुक्तिफौजेत जावंसं वाटलं नसतं तर? पत्र आलंच नसतं. घड्याळ तिच्याकडेच राहिलं असतं. आणि मुलांच्या मनाचा हा एवढा मोठा अभ्यासक ८४ वर्षं आपली पहिली आठवण म्हणून एक न घडलेली गोष्ट मनापासून सांगत राहिला असता. आपण सगळ्यांनी ती खरी मानली असती.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असं पत्र कधी येत नाही. म्हणून या शनिवार-रविवारी एक करून बघा. तुमची सगळ्यात जुनी आठवण कागदावर लिहा, तपशिलासकट. मग घरातल्या मोठ्यांना वेगवेगळं गाठून तोच प्रसंग विचारा. तुमचं आधी वाचून मात्र दाखवू नका.